ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास

वाफारा मीच दिला होता. हे आधीच सांगून टाकते. भाजणं तर त्यामुळे झालंच, पण हॉस्पिटलात पहिले तीन दिवस मी तोंड शिवून बसले, तेही त्यामुळेच.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, पहिलीत. सर्दीने नाक चोंदलं होतं. कोविडपासून आमच्या घरात कोणी शिंकलं की वाफारा, अशी सवयच पडली होती. रविवारी सकाळी स्टुलावर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवलं, तिला समोरच्या खुर्चीवर बसवलं, डोक्यावरून टॉवेल घातला आणि म्हटलं, "हलायचं नाही हं." ती हललीच. गुदमरलं म्हणून टॉवेल फेकायला गेली, पाय स्टुलाला लागला आणि पातेलं मांडीवर पालथं झालं. डावी मांडी, गुडघा आणि पोटाचा थोडा भाग भाजला.

सासूबाई टूथपेस्ट घेऊन धावल्या, पण मी तिला तशीच उचलून मोरीत नेलं आणि नळाखाली धरलं. नवरा रिक्षा बघायला खाली पळाला. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो आणि एका ट्रस्टचं हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं ती इतक्या जोरात रडत होती, की रिक्षावाल्याने प्रत्येक सिग्नलला मागे वळून पाहिलं.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता. त्याने विचारलं, "कसं झालं?" मी सांगितलं. तो फक्त "हं" म्हणाला आणि कागदावर लिहू लागला. त्या 'हं'मध्ये काही नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, त्याने माझी सगळी लायकी त्या एका अक्षरात मोजली.

मग तिला ड्रेसिंग रूममध्ये नेलं. मी मागोमाग निघाले, तर दारातल्या मावशींनी हात आडवा केला. "मम्मी, बाहेर थांबा." त्या हॉस्पिटलात सगळ्या आयांना मम्मीच म्हणतात. दार बंद झालं. आत ती आधी मला हाका मारत होती, मग नुसती किंचाळत होती, मग पुन्हा हाका. एका बाईचा आवाज येत होता, "हात पकड, हात पकड. पाय पण." मी बाकड्यावर बसून राहिले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ते दार ढकलून आत गेले असते. त्या दिवशी मात्र मनात एकच होतं: ज्या बाईने स्वतःच्या पोरीच्या मांडीवर उकळतं पाणी सांडू दिलं, तिने आता कोणाला काय बोलावं?

मंगळवारी दुसरं ड्रेसिंग झालं, तेही तसंच, मी बाहेर. पट्टी जखमेला चिकटलेली असते आणि ती ओढून काढतात, हे मला दाराच्या फटीतून दिसलं. तिला खाटेवर परत आणलं तेव्हा तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून झोपली.

थोड्या वेळाने मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी वाकून विचारलं, "काय गं, दुखतंय का?"

"नाही," ती म्हणाली.

"शाब्बास! ब्रेव्ह गर्ल!" त्यांनी तिच्या गालाला हात लावला. मागच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "मुलं पटकन सावरतात, बघा." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, चला, नसेल दुखत. पण संध्याकाळी मी तिला लापशी भरवत होते, तेव्हा दिसलं की ती डावा पाय जराही हलू देत नव्हती. चादरीची घडी मोडली तरी डोळे गच्च मिटायची. मी चमचा खाली ठेवला.

"खरं सांग हं. दुखतंय ना?"

तिने आधी दरवाज्याकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "दुखतं म्हटलं की सुई देतात."

पहिल्या दिवशी ती रडली म्हणून तिला दंडात इंजेक्शन दिलं होतं. सलाईनची सुई दोनदा हुकली होती, ते वेगळंच. सहा वर्षांच्या पोरीने यातून हिशोब लावला होता, आणि तिच्या बाजूने तो अगदी बरोबर होता. मोठी माणसं विचारतात, आपण हो म्हटलं की सुई टोचतात. म्हणून नाही म्हणायचं.

बुधवारी सकाळी मी सिस्टरना विचारलं, "हिला दुखण्यावर काय औषध चालू आहे?"

सिस्टर केरळच्या होत्या, मराठी छान बोलायच्या. त्यांनी फाइल उघडून दाखवली. "लिहिलंय ना. सिरप आहे. एसओएस."

"म्हणजे?"

"गरज पडली तर द्यायचं."

"मग कितीदा दिलं?"

त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. "कालपासून नाही दिलं. बेबी रडत नाही ना, मम्मी. विचारलं तर नाही म्हणते."

मी घाटकोपरच्या एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. वीस वर्षं फायली हाताळतेय. आमच्याकडे एखाद्या कागदावर 'आवश्यकतेनुसार कार्यवाही' असा शेरा पडला, की तो कागद मेला. कोणीच काही करत नाही, आणि कोणाची चूकही नसते. माझ्या मुलीचं दुखणं बरोब्बर त्या शेऱ्याखाली जाऊन पडलं होतं. तिथे मला पहिल्यांदा राग आला. रविवारपासून मी जो काही राग गिळत होते तो सगळा स्वतःवरचा होता. हा वेगळा होता.

मी वॉर्डच्या रेसिडेंट डॉक्टरला गाठलं. ही पंचविशीतली मुलगी होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी बदलून देते." आणि तिने फाइलमध्ये ठळक लिहिलं, की औषध ठरलेल्या वेळी रोज चार वेळा द्यायचं, आणि ड्रेसिंगच्या दिवशी एक डोस ड्रेसिंगच्या आधी अर्धा तास. मी इतकी खूश झाले, की नवऱ्याला फोन करून सांगितलं, "झालं काम!"

गुरुवारी सकाळी मी तयारीत होते. साडेदहाला ड्रेसिंग असतं असं कळलं होतं, म्हणून दहाला सिस्टरकडे गेले. आज दुसऱ्या सिस्टर होत्या.

"ड्रेसिंग रूममधून बोलावणं आलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग बोलावणं आल्यावर देते. कधी बोलावतील काय माहीत?"

"पण बोलावल्यावर दिलं तर अर्धा तास कसा होणार?"

"मॅडम, आधी देऊन ठेवलं आणि त्यांनी दोन वाजता बोलावलं तर?"

बोलण्यात तथ्य होतं. मी खाली पहिल्या मजल्यावर ड्रेसिंग रूममध्ये गेले. तिथल्या ड्रेसरला विचारलं, "आमचा नंबर कधी लागेल? अर्धा तास आधी वर फोन कराल का?" तो गॉज कापत होता. मान वर न करता म्हणाला, "फोन करायचं आपलं काम नाही. ओपीडीचे पेशंट संपले की वॉर्डचे." मी वर आले. पावणेबाराला व्हीलचेअर घेऊन मावशी आल्या. "चला चला, लवकर." सिरपची बाटली सिस्टर शोधत होत्या, तोवर तिला नेलंसुद्धा. औषध मिळालं साडेबाराला, ड्रेसिंग होऊन ती परत खाटेवर आल्यावर. सिस्टरनी फाइलमध्ये वेळ टाकली, सही केली. कागदावर डोस दिलेला होता. कागद पूर्ण होता.

मला हसावं की ओरडावं कळेना. कोणी दुष्ट नव्हतं हो त्यात! ड्रेसरसमोर पंचवीस माणसांची रांग. सिस्टरकडे अख्खा वॉर्ड. मावशींना तीन मजले आणि एकच लिफ्ट. प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येकाचं बरोबर. आणि या सगळ्या बरोबर माणसांच्या मधोमध माझी मुलगी दोन्ही हात धरलेल्या अवस्थेत किंचाळत होती.

शनिवारी मी सिस्टरच्या मागे लागून नऊलाच औषध द्यायला लावलं. म्हटलं, उशिरापेक्षा लवकर बरं. व्हीलचेअर आली एक वाजता. चार तास झाले होते, औषधाचा असर उतरलेला. मी सिस्टरना म्हटलं, "आता पुन्हा देता येईल ना? आणि मग अर्धा तास थांबू."

"डॉक्टरांना विचारावं लागेल. ते ओटीत आहेत, ऑपरेशन चालू आहे."

"मग थांबू या."

मावशी म्हणाल्या, "अहो मम्मी, तो ड्रेसर दीडला जेवायला जातो. मग आज होणारच नाही."

मुलगी सगळं ऐकत होती. तिने गादीची कड दोन्ही मुठींत धरली होती.

मी खाटेवर तिच्या शेजारी चढून बसले, चपला घालूनच. म्हटलं, "नाही नेणार. औषध द्या, अर्धा तास जाऊ दे, मग न्या. आणि मी आत येणार."

मग व्हायचा तो तमाशा झाला. सिस्टर इन्चार्ज आल्या. मोठे डॉक्टर ओटीतून थेट हिरव्या कपड्यांत आले. "तुम्ही डॉक्टर आहात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आम्हाला आमचं काम करू द्या. दहा मिनिटांचं ड्रेसिंग आहे. थोडं सहन करावंच लागतं. आणि मुलांच्या लक्षातही राहत नाही."

नवरा माझा दंड धरून हळूच म्हणाला, "अगं, वाकड्यात कशाला शिरतेस? आपलं पोर त्यांच्या हातात आहे." तो घाबरला होता. मीही घाबरले होते. त्यांनी रागाच्या भरात अजून जोरात ओढलं तर?

डबा घेऊन आलेल्या सासूबाई इतका वेळ खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मालवणचं माणूस, पण डॉक्टरांसमोर कधी आवाज न काढणारं. त्या एकदम पुढे झाल्या. "चेडवाक दुखता ता आवशीक कळता. तुमका कसा कळतला? तुमचा पाय भाजलाहा?"

पोरीचं दुखणं आईला कळतं, तुम्हाला कसं कळणार, असं त्या म्हणत होत्या. डॉक्टरांना शब्द कळले नसतील, पण सूर कळला. ते काही बोलणार तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "काय झालंय?"

त्या भूलतज्ज्ञ होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात क्रॉक्स. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला ऑपरेशनआधी तपासायला आल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी वैतागून दोन वाक्यांत सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि सरळ माझ्या मुलीच्या समोर उकिडव्या बसल्या. दुखतंय का, असं त्यांनी विचारलंच नाही.

"पट्टी काढताना सगळ्यात वाईट काय असतं गं?"

त्या तशाच बसून राहिल्या, घाई न करता. मग ती म्हणाली, "ओढतात."

"आणि?"

"मी थांबा म्हणते तरी थांबत नाहीत."

त्या उठल्या. मला विचारलं, शेवटचं खाल्लं कधी, वजन किती. सिस्टरना एक औषध आणायला सांगितलं, जरा जास्त जोराचं, पण तोंडातून द्यायचं, गोड. "सुई नाही," त्यांनी मुलीला सांगितलं, तिने विचारण्याआधीच. खाली ड्रेसरला फोन केला, की जेवून या, मग आपण करू. तासाभराने त्या स्वतः ड्रेसिंग रूममध्ये आल्या. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. मला टेबलावर बसवून मुलीला माझ्या मांडीत दिलं. पट्टीवर सलाईनचं पाणी ओतलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आता दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही." ड्रेसर घड्याळाकडे बघत उभा होता. पट्टी भिजून सैल झाली, आणि तिचं एक टोक त्यांनी मुलीच्याच हातात दिलं. "तू थांब म्हणालीस की आम्ही थांबणार. पण पूर्ण काढायची आहे, हे नक्की."

ती सहा वेळा थांब म्हणाली आणि सहाही वेळा सगळे थांबले. ती रडली, नाही असं नाही. पण किंचाळली नाही, आणि कोणीही तिचे हात धरले नाहीत. सगळं मिळून अर्धा तास लागला. ड्रेसर शेवटी स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, "हे बरंय. गॉजला रक्त नाही लागलं." चार जणांनी दाबून धरायचं काम एका बाटलीभर पाण्याने आणि थोड्या धीराने झालं होतं. मी त्या खोलीत बसल्या बसल्या रडले, आणि ते आनंदाचं रडणं नव्हतं. हे सगळं, पाण्यासकट, पहिल्या दिवसापासून त्याच खोलीत होतं.

मला वाटलं, सुटलो. सोमवारी ड्रेसिंगला गेलो, तर त्या बाई नव्हत्या. त्या आठवड्यातून दोनच दिवस यायच्या. त्यांनी फाइलमध्ये अख्खं पान लिहून ठेवलं होतं, ते मी ड्रेसरच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला, "त्या मॅडम आहेत तोवर ठीक. रोज एकाला अर्धा तास दिला तर बाकीच्यांनी काय संध्याकाळपर्यंत बसायचं?" ते जोराचं औषध भूलतज्ज्ञ हजर नसताना देता येत नव्हतं. मग सिरप मी माझ्या मोबाइलवर गजर लावून सिस्टरकडून घेतलं. सलाईनची बाटली खालच्या मेडिकलमधून आणली. वॉर्डातच, खाटेवर, पट्टी भिजवायला सुरुवात केली आणि चादर ओली केली म्हणून बोलणी खाल्ली. आत मात्र मला घेतलं, भांडण नको म्हणून असेल. सहापैकी तीन वेळा थांबले असतील. बुधवारी आम्ही घरी आलो.

नंतर मी हॉस्पिटलला पत्र लिहिलं, दोन पानी, सभ्य भाषेत. कोणाची तक्रार केली नाही. एवढंच मागितलं, की वॉर्डच्या मुलांना ड्रेसिंगची वेळ आदल्या दिवशी ठरवून द्या, त्याआधी औषध द्या, पट्टी भिजवून काढा, आई-वडिलांना आत घ्या. तीन आठवड्यांनी फोन आला, भेटायला या. एका एसी खोलीत टाय लावलेला माणूस भेटला. त्याने चहा दिला. 'फीडबॅक'बद्दल आभार मानले, दोनदा. "आम्ही यावर नक्की काम करू," म्हणाला.

केलंही. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मुलांच्या वॉर्डात नवीन बोर्ड लागला होता. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत ओळीने सहा चेहरे, खाली इंग्रजीत लिहिलेलं, की तुमचं दुखणं किती ते दाखवा. लॅमिनेट केलेला, रंगीत, छान. लावला होता माझ्या डोक्याच्याही वर, आणि वॉर्डचं दार उघडलं की पूर्ण झाकला जायचा. मी ड्रेसिंग रूमकडे गेले. दार बंद होतं. बाहेर एक तरुण बाप बाकड्यावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. आतून पोराचा आवाज येत होता. मी त्याला म्हटलं, "आत जा. आणि पट्टी भिजवायला सांगा." त्याने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "ते बाहेर थांबा म्हणालेत," तो म्हणाला. मी दार वाजवलं. मावशींनी ओळखलं मला. सुस्कारा टाकला आणि त्याला आत घेतलं. एका दिवशी, एकाला.

आता मुलगी नऊ वर्षांची आहे. मांडीवरचा डाग फिकट झालाय, त्याचं तिला काही वाटत नाही. पण मुलांच्या लक्षात राहत नाही, हे मात्र खोटं. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी तिची उशी बदलताना मला अभ्र्यावर पिवळट डाग दिसला. कान वाहत होता. मी तिला तशीच आमच्या जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कानात बॅटरीने बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आजचं नाही." मग तिला विचारलं, "दुखत होतं ना गं खूप?"

ती म्हणाली, "विचारून तुम्ही काय करणार?"

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला खरंच माहिती हवी होती. मला वाटलं, डॉक्टर हसण्यावारी नेतील. पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं, "कानात काही घालणार नाही. पोटात घ्यायचं एक औषध इन्फेक्शनवर, एक दुखण्यावर. दुखण्यावरचं आत्ता इथेच देतो. वीस-पंचवीस मिनिटांत कमी वाटेल. नाही वाटलं तर मला सांगायचं."

तिने जरा विचार केला. "सोमवारपासून दुखतंय," ती म्हणाली. "रात्री जास्त."

परत येताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, चांगला कान खाली करून. सोमवार ते शुक्रवार मी तिच्या वेण्या घातल्या होत्या, डबे भरले होते, गृहपाठ तपासला होता, आणि रोज संध्याकाळी विचारलं होतं, "कसा गेला दिवस?" ती रोज म्हणाली होती, "मस्त."